धोतराची गाठ, उलटा चुट्टा आणि खैनी : कॅन्सरची कारणं लोकांच्या सवयींत शोधणारे डॉ. खानोलकर

खानोलकर हे आडनाव ऐकलं की मराठी माणसाला दोन नावं हमखास आठवतात. एक चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजे आपले आरती प्रभू. दुसऱ्या परमवीर चक्राचं डिझाईन करणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर.

तिसरे खानोलकर फारसे कुणाला आठवत नाहीत. डॉ. वसंत रामजी खानोलकर. वैद्यकीय क्षेत्रात मात्र त्यांना भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणतात.

आज वणीसारख्या गावात कुणाच्या तोंडातली जखम महिनाभर भरत नसेल, तर डॉक्टर त्याला नाशिकला पाठवतात. तिथे जखमेचा बारीकसा तुकडा काढतात आणि तो तपासायला जातो. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस घरातल्यांनी कसे काढले, हे ज्याच्या घरात हे घडलंय त्यालाच माहीत.

त्या रिपोर्टखाली ज्याची सही असते तो पॅथॉलॉजिस्ट. पेशंट त्याला कधी बघत नाही. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरला लोक देव मानतात, पण गाठ साधी की कॅन्सरची हे सांगणारा माणूस मागच्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेला असतो.

खानोलकर आयुष्यभर असेच मागच्या खोलीत बसले. पण काचेवरचा तो तुकडा बघून त्यांनी जे प्रश्न विचारले, ते थेट लोकांच्या घरात, कपड्यांत आणि तंबाखूच्या डबीत जाऊन पोहोचले.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा, गोमंतक मराठा समाजातल्या कुटुंबातला. वैद्यकीय शिक्षण लंडन विद्यापीठात झालं. १९२३ साली त्यांनी तिथून पॅथॉलॉजीत एम.डी. केलं. त्या काळात लंडनचा एम.डी. घेऊन मुंबईत आलेल्या माणसाने दवाखाना टाकला असता, तर पुढच्या दोन पिढ्यांची सोय झाली असती. हे मात्र शिकवायला गेले. आधी ग्रँट मेडिकल कॉलेज, मग केईएमचं सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज.

१९४१ साली परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई ल्युकेमियाने गेल्या होत्या, त्यातून टाटा ट्रस्टने हे कॅन्सरचं खास हॉस्पिटल उभं केलं. तिथल्या प्रयोगशाळा आणि संशोधनाची जबाबदारी खानोलकरांकडे आली.

इथून गोष्ट खरी सुरू होते.

आधी एक तुकडा तपासतात कसा ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. शरीरातला तुकडा काढला की तो फॉर्मालिनमध्ये टाकतात, म्हणजे तो सडत नाही. मग त्यातलं पाणी काढून त्यात मेण भरतात आणि त्याचा छोटा ठोकळा करतात. हा ठोकळा मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर कापतात. काप इतका पातळ असतो की तो केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही कमी भरतो. तो काचेवर घेऊन रंगवला की पेशींची केंद्रं निळी-जांभळी दिसतात, बाकीचा भाग गुलाबी.

आता डोळ्यासमोर ऊतीचा, म्हणजे टिश्यूचा, नकाशाच असतो. कुठल्या पेशी रांगेत आहेत, कुणी रांग मोडली, कुणी शेजारच्या हद्दीत घुसलं, सगळं दिसतं.

मेणाचा ठोकळा वर्षानुवर्षं टिकतो. त्याच्यासोबत पेशंटचा कागद असतो. नाव, वय, गाव, समाज, धंदा, सवयी. बहुतेक ठिकाणी कॅन्सर आहे की नाही एवढं लिहून हा कागद फाइलला लागायचा. खानोलकरांनी ठोकळा आणि कागद एकत्र वाचायला सुरुवात केली.

१९४४ साली त्यांनी मुंबईत ओळीने आलेल्या तोंडाच्या कॅन्सरच्या १,००० पेशंटचा आढावा प्रसिद्ध केला. तोंडाच्या कॅन्सरचे एवढे पेशंट एका हॉस्पिटलात मिळतात, हेच युरोप-अमेरिकेतल्या डॉक्टरांना नवल वाटण्यासारखं होतं.

पुढच्याच वर्षी त्यांनी सूर्याबाई यांच्यासोबत आणखी एक शोधनिबंध लिहिला. विषय होता लोकांच्या रीतींमुळे होणारे कॅन्सर, आणि त्यात भारतातले तीन नवे प्रकार मांडले होते.

पहिला चुट्ट्याचा. चुट्टा म्हणजे जाडसर देशी चिरूट. आंध्रच्या किनारपट्टीवर बऱ्याच बायका तो उलटा ओढायच्या, म्हणजे पेटतं टोक तोंडात. वाचूनच अंगावर काटा येतो, पण तिथे ती रोजची गोष्ट होती. कॅन्सर व्हायचा तो वरच्या कडक टाळूला. जगात इतरत्र ही जागा क्वचितच सापडते.

दुसरा खैनीचा. बिहारकडे तंबाखूत चुना मळून ती चिमूट खालचा ओठ आणि हिरडी यांच्या मधल्या खोबणीत धरून ठेवतात. कॅन्सर बरोबर त्याच खोबणीत.

तिसरा धोतराचा. यात तंबाखूचा काही संबंध नाही. धोतर रोज कमरेवर एकाच जागी करकचून बांधायचं, वर घाम आणि घर्षण. वर्षानुवर्षांनी तिथली कातडी आधी रंग बदलते, मग जाड होते, आणि काहींना तिथेच न भरणारी जखम होते. पुढे साडीच्या आत परकराची नाडी जिथे आवळली जाते, तिथल्या अशाच कॅन्सरच्या नोंदीही डॉक्टरांनी केल्या. काश्मीरचा कांगडीचा कॅन्सर तर आधीपासून माहीत होता. थंडीत निखाऱ्याची टोपली पोटाशी धरायची आणि भाजून भाजून तिथेच रोग.

या सगळ्यात एक समान सूत्र आहे. सवयीची जागा आणि रोगाची जागा एकच. शरीरावर नकाशा काढला तर एकावर दुसरा ठेवता येईल इतकी अचूक.

याचा अर्थ फार मोठा होता. कॅन्सर म्हणजे नशीब, मागच्या जन्माचं पाप किंवा अमुक जातीच्या रक्तातला दोष, असं समजणाऱ्या समाजाला कुणीतरी पुराव्याने सांगत होतं की यातला बराच भाग टाळता येतो.

रक्ताचा प्रश्न त्यांनी टाळला नाही. मुंबई म्हणजे अशा अभ्यासासाठी सोन्याची खाण. एकाच शहरात, एकाच हवेत, एकच पाणी पिऊन पारशी, गुजराती, मराठी, मुसलमान, ख्रिस्ती असे कितीतरी समाज राहत होते आणि लग्नं आपापल्यात करत होते. मग पारशी बायकांत स्तनाचा कॅन्सर जास्त आणि हिंदू बायकांत गर्भाशयाच्या मुखाचा जास्त, हे कसं? लग्नाचं वय, मुलांची संख्या, राहणीमान याकडे बोट जात होतं. तरीही मुळात हे समाज एकमेकांपासून किती वेगळे आहेत हे मोजायला हवं होतं. खानोलकर आणि आनुवंशशास्त्राचे अभ्यासक एल. डी. संघवी यांनी मुंबईतल्या सहा समाजांची रक्तगटासारख्या सात आनुवंशिक लक्षणांवर तपासणी केली.

संघवींचं नाव लक्षात ठेवा. १९५२ साली परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झालं, खानोलकर त्याचे संस्थापक संचालक. तिथे त्यांनी जमवलेली माणसं बघण्यासारखी आहेत. डॉक्टर होतेच, पण आनुवंशशास्त्र, जीवशास्त्र, आकडेशास्त्र अशा वेगवेगळ्या वाटेने आलेली मंडळी एका छपराखाली बसली होती. आज याला भारी इंग्रजी नाव आहे. तेव्हा डॉक्टर नसलेल्या माणसाचं हॉस्पिटलशी काय काम, असा प्रश्न सहज विचारला जायचा.

कमल रणदिवे त्यातल्याच. पुण्याच्या समर्थांची मुलगी, शिक्षण हुजूरपागा आणि फर्ग्युसनमध्ये. त्यांनी एम.एस्सी.ला अभ्यास केला होता सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशींचा! लग्नानंतर मुंबईत आल्या आणि टाटा हॉस्पिटलात कामाला लागल्या. १९४९ साली खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांना पीएच.डी. मिळाली. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम केलं. हे तेच गाय, ज्यांनी हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या गाठीतल्या पेशी १९५१ साली काचेच्या नळीत वाढवल्या आणि त्या 'हेला' पेशी जगभर पसरल्या.

परत आल्यावर रणदिवेंनी परळच्या केंद्रात ऊतिसंवर्धनाची, म्हणजे टिश्यू कल्चरची, प्रयोगशाळा उभी केली. भारतातली ती पहिली मानली जाते.

इथे म्हातारपणाचा मुद्दा येतो. शरीराबाहेर वाढवलेल्या साध्या पेशी कायम वाढत राहतात, असं बराच काळ मानलं जायचं. १९६१ साली अमेरिकेत लिओनार्ड हेफ्लिक यांनी दाखवलं की माणसाची साधी पेशी साधारण पन्नासेक वेळा विभागते आणि मग थांबते. म्हणजे पेशीही म्हातारी होते. कॅन्सरची पेशी मात्र हा नियम पाळत नाही. हेला पेशी आजही वाढतायत.

आणि माणसाच्या पातळीवर बघितलं तर उलट चित्र. पेशी म्हातारपण विसरते, पण रोग बहुतेकदा वय वाढलेल्या माणसालाच गाठतो.

यातूनच एक मोठा गैरसमज झाला होता. भारतात कॅन्सर फारसा नाही, साधं जेवण, साधी राहणी, म्हणून आपण वाचलो, असं इंग्रज डॉक्टरांपासून आपल्या पुढाऱ्यांपर्यंत अनेकांना वाटायचं. ऐकायला गोड, पण गणित चुकलेलं.

समजा वणीतल्या एका आळीत सगळी पोरं-सोरं आणि तिशीतली जोडपी राहतात, दुसऱ्या आळीत सगळे साठीच्या पुढचे. दुसऱ्या आळीत कॅन्सरचे पेशंट जास्त निघाले, म्हणून तिथलं पाणी वाईट असं म्हणता येईल का? आधी वय सारखं करून तुलना करायला हवी. १९५० च्या आसपास भारताचं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या घरात होतं. कॅन्सरचं वय गाठण्याआधीच माणसं प्लेग, हगवण, क्षय, बाळंतपण यांत जात होती. विश्वनाथ आणि ग्रेवाल यांनी १९३० च्या दशकात हॉस्पिटलांच्या नोंदी तपासून हेच म्हटलं होतं. त्या वयापर्यंत पोहोचलेल्या माणसांत भारतातही कॅन्सर काही कमी नाही.

म्हणजे जसजसं आयुष्य वाढणार, तसतसा कॅन्सर वाढणार. आज आपण तेच बघतोय.

खानोलकरांचं दुसरं मोठं काम कुष्ठरोगावरचं. त्याबद्दल कमी बोललं जातं. चट्टा नुकता दिसू लागलेल्या पेशंटच्या कातडीचे काप त्यांनी बारकाईने अभ्यासले आणि रोगाचे जंतू कातडीतल्या अगदी सूक्ष्म मज्जातंतूंमध्ये कसे बसतात ते दाखवलं. कुष्ठरोग हा मुळात नसांचा आजार आहे, बोटं झडतात ती बधिरपणामुळे न कळलेल्या जखमांनी, हे समजायला या कामाची मदत झाली.

जंतू कातडीतल्या नसांच्या टोकांतून शिरतात आणि नसेतून वर सरकतात, असं त्यांचं मत होतं. हे मत पुढे तसंच्या तसं टिकलं नाही. आज नाकावाटे होणाऱ्या संसर्गाला जास्त महत्त्व दिलं जातं. पण नसेकडे बघा हा त्यांचा आग्रह बरोबरच ठरला.

१९५८ साली बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरोग्याच्या गाठीतून एक जंतू वेगळा करून वाढवल्याचं प्रसिद्ध केलं. त्यासाठी वापर झाला मज्जापेशींच्या ऊतिसंवर्धनाचा. म्हणजे कॅन्सरसाठी उभी केलेली प्रयोगशाळा कुष्ठरोगाच्या कामी आली. तो खरा कुष्ठरोगाचाच जंतू होता का, यावर पुढे वाद झाले आणि उत्तर बहुधा नाही असंच आलं. तरी केंद्राच्या नावाने 'आयसीआरसी' म्हणून ओळखल्या गेलेल्या या जंतूपासून डॉ. म. ग. देव यांनी पुढे कुष्ठरोगाविरुद्ध लस बनवली आणि दक्षिण भारतात तिची मोठी चाचणीही झाली.

आता तंबाखूकडे परत येऊ.

१९५० साली इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल यांनी सिगारेट आणि फुफ्फुसाचा कॅन्सर यांचं नातं दाखवलं. ते नाव जगभर झालं. १९५५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये परळहून गेलेला एक शोधनिबंध छापला गेला, संघवी, राव आणि खानोलकर यांचा. प्रश्न तसाच, पण भारतीय. तंबाखू ओढणारा आणि चघळणारा, दोघांना कॅन्सर कुठे होतो? उत्तर आलं की चघळणाऱ्याला तोंडात, आणि विडी ओढणाऱ्याला जिभेच्या मुळाशी आणि घशात. पुन्हा तेच, सवय जिथे, रोग तिथे.

पुढे काय झालं ते तारखाच सांगतात. १९७५ साली भारतात कायदा आला, पण इशारा फक्त सिगारेटच्या पाकिटावर. विडी आणि चघळायची तंबाखू सुटली, म्हणजे गरिबाचं व्यसन सुटलं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखू घातलेल्या पानावर कॅन्सरकारक असा शिक्का मारला १९८५ साली. सगळ्या तंबाखूला लागू होणारा कायदा आला २००३ साली. महाराष्ट्रात गुटखाबंदी झाली २०१२ साली. खानोलकरांच्या १,००० पेशंटच्या आढाव्यानंतर ६८ वर्षांनी. मधल्या काळात घरोघरी बायका मिश्री लावत राहिल्या, आणि टपरीवरच्या पुड्या चकचकीत होत गेल्या. माझ्या मते हा उशीर विज्ञानाचा नव्हता.

खानोलकरांना स्वतःच्या कामातली एक मोठी फट दिसत होती. टाटा हॉस्पिटलात देशभरातून पेशंट यायचे, पण जे येऊ शकले तेच. तिकिटाला पैसे नसलेला, घरच्यांनी न पाठवलेली, गावातच गेलेला, हे कुठल्याच फाइलमध्ये नाहीत. हॉस्पिटलच्या नोंदीवरून देशाचं चित्र काढणं म्हणजे एसटी स्टँडवर उभं राहून गावाची लोकसंख्या मोजण्यासारखं.

आणि दुसरी अडचण अशी की देशोदेशीचे डॉक्टर आपापल्या पद्धतीने मोजत होते. कोणी ओठाचा कॅन्सर तोंडात धरायचा, कोणी वेगळा. कोणी वय लिहायचं, कोणी नाही. मुंबई आणि लंडनचे आकडे शेजारी ठेवायचे तर आधी शब्द सारखे हवेत, वयाचे गट सारखे हवेत, काचेवरचा तुकडा बघून दोघांनी एकच नाव द्यायला हवं.

हे काम कंटाळवाणं असतं. त्यात शोध लागल्याचा थरार नाही, बैठका असतात, तक्ते असतात, पत्रव्यवहार असतो. खानोलकरांच्या उतारवयातली वर्षं यात गेली. कॅन्सरविरोधी आंतरराष्ट्रीय संघात ते वर्षानुवर्षं काम करत होते, त्याचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं.

१९५५ साली संयुक्त राष्ट्रांनी अणुकिरणांच्या परिणामांचा अभ्यास करायला १५ देशांची शास्त्रीय समिती नेमली, तिथे भारताच्या बाजूने खानोलकर होते. अणुबॉम्बच्या चाचण्या जोरात होत्या. पावसातून, गवतातून, दुधातून किरणोत्सारी स्ट्राँशियम मुलांच्या हाडांत उतरतंय का, हा प्रश्न होता. अमेरिका आणि रशिया एकाच टेबलावर बसून एकमेकांचे आकडे तपासणार, त्यात भारतासारख्या नव्या देशाचा पॅथॉलॉजिस्ट. समितीचा पहिला अहवाल १९५८ साली आला.

घरी मानसन्मान मिळाले. पद्मभूषण, मुंबई विद्यापीठाचं कुलगुरूपद, आणि १९६३ साली राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हा मान.

त्याच १९६३ साली जून महिन्यात मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने कॅन्सर नोंदणी सुरू केली. लोकसंख्येवर आधारलेली अशी ही देशातली पहिली. नोंदणीची माणसं शहरातल्या हॉस्पिटलांत जाऊन पेशंट नोंदवायची, महापालिकेच्या मृत्यूच्या नोंदी तपासायची. आता 'हॉस्पिटलात किती आले' याच्या जागी 'शहरात किती जणांना झाला' हा आकडा मिळू लागला. पुढे तो जगातल्या इतर शहरांच्या आकड्यांसोबत एका तक्त्यात छापला जाऊ लागला, वय सारखं करून.

१९६६ साली टाटा हॉस्पिटल आणि खानोलकरांचं केंद्र एकत्र येऊन टाटा मेमोरियल सेंटर झालं. त्या सुमारास संशोधन केंद्राची धुरा काही वर्षं कमल रणदिवेंनी सांभाळली. खानोलकर २९ ऑक्टोबर १९७८ ला गेले. खारघरला टाटा सेंटरच्या संशोधन संकुलात आज 'खानोलकर शोधिका' नावाची इमारत आहे.

खेड्याची फट मात्र त्यांच्या हयातीत भरली नाही. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ साली सुरू झाली, आपल्याच सोलापूर जिल्ह्यात बार्शीला. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली गावं त्यात घेतली. तिथे हॉस्पिटलच्या फाइली तपासून भागणार नव्हतं, कारण फाइलीच नव्हत्या. मग नोंदणीचे कार्यकर्ते गावागावात फिरले, पारावर बसून लोकांना विचारत राहिले. कुणाला न भरणारी जखम आहे का, कुणाच्या अंगावरून अवेळी जातंय का, कुणाला गिळताना अडतंय का.